इलॅस्टिकवर माझा विश्वास नाही

किस्से गोळा करावे लागत नाहीत बघा. चेकिंगच्या टेबलाखाली सुताचा कचरा साठतो तसे ते आपले आपण साठतात. रोज चिमूटभर, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि एक दिवस झाडायला वाकलं की पोतंभर निघतात! तुम्ही सगळे रोज सकाळी चहाला बसलं की विचारताय, "सिद्रामप्पा, त्या बायकांच्या क्लासात काय चाललंय तुमचं?" तर सांगतो. पण आधी ते दार लोटा. आणि मोबाईल टेबलावर पालथे ठेवा सगळ्यांनी. हल्ली कोण काय रेकॉर्ड करेल सांगता येत नाही.

हसू नका. माझा धंदाच संशयाचा होता. सारी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या चेकिंगला काढली. माल समोर आला की तो खराबच असणार हे धरून चालायचं, चांगला निघाला तर त्याचं नशीब. मंद्रूपला मुलगी बघायला गेलो तेव्हा म्हणे मी पोह्यांची बशी उचलून तिचं बूड बघितलं होतं. बायको अजून चारचौघांत सांगते. मला आठवत नाही.

तर भानगड सगळी ह्या उजव्या हाताची. स्पीडब्रेकरवर स्कूटर घसरली, मनगट मोडलं. (त्या स्पीडब्रेकरला पांढरे पट्टे का नव्हते, हा वेगळा विषय आहे. त्यावर माझा एक संशय आहे, पण तो राहू द्या.) प्लास्टर काढलं तर आतून निघालेला हात माझा वाटेचना! बोटं मिटेनात. मूठ वळेना. भाकरी मोडता येईना, शर्टाचं बटण लागेना. आणि सगळ्यात मोठी अडचण, आता तुमच्यापाशी काय लाजायचं, पायजम्याची नाडी बांधता येईना!

डॉक्टर म्हणाले, "काका, बोटं आत्ताच हलवायला पाहिजेत. आता आखडली तर आखडलीच समजा."

मी घाबरलो. खरं सांगतो. हात गेला तर गेला, पण जन्मभर दुसऱ्याच्या हातानं नाडी बांधून घ्यायची, ह्या विचारानं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

*

रोज सकाळी बायको, आमची महानंदा, पिठाचे हात पदराला पुसत यायची. "श्वास आत घ्या," म्हणायची, आणि ज्वारीच्या पोत्याचं तोंड आवळावं तशी नाडी आवळायची. वर टोमणा ठरलेला. "दोन पोरांच्या बांधल्या. ती मोटी झाली. तुमी कवा हुताय?"

दिवसातून जितक्या वेळा सुटायची तितक्या वेळा तिला हाक मारायची. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "आले! धरून ठेवा!" शेजारीपाजारी ऐकायचे. काय धरून ठेवायचं, ते त्यांना कोण सांगणार?

थोरल्या मुलाला कळलं तर त्यानं पुण्याहून इलॅस्टिकचे पायजमे पाठवले. महानंदा खूश. मी हात लावला नाही.

"का ओ? काय खराबी हाय त्यात?"

"इलॅस्टिकवर माझा विश्वास नाही."

"म्हंजी?"

"नाडी सुटायच्या आधी कळतं. ढिली होते, इशारा देते. इलॅस्टिक इशारा देत नाही. भर चौकात दगा देतं!"

"मग पँट घाला."

"आणि बटण कोण लावणार?"

महानंदानं कपाळावर हात मारला. पायजमे कपाटात गेले. अजून तिथंच आहेत, आणि मधूनमधून मी ते ताणून बघतो. एक आत्ताच सैल पडलाय, न घालता!

*

हाताचा व्यायाम शिकवणारी एक पोरगी होती दवाखान्यात. तिनं मला स्पंजचा चेंडू दिला, दाबायला. आठवडाभर दाबला. एक दिवस ती म्हणाली, "काका, तुम्ही चेंडूकडं असं बघताय जसं काही त्यानंच तुम्हाला पाडलंय. तुम्हाला बारीक काम पाहिजे. क्रोशा शिका."

"ते बायका रुमाल विणतात ते?"

"हो. चिमटीत सुई, बोटावर लोकर. ह्याहून चांगला व्यायाम माझ्यापाशी नाही."

मला वाटलं, हिचं त्या क्लासवाल्यांशी काहीतरी साटंलोटं आहे. दोन दिवस पाळत ठेवली. तसं काही सापडलं नाही, तेव्हा नाइलाजानं गेलो.

महानंदाला काय सांगितलं? तर "दुपारी हाताच्या व्यायामाला जातोय." खोटं नव्हतं ते. पण क्रोशा म्हटलं असतं तर ते तिनं मंद्रूपच्या बहिणीला सांगितलं असतं, आणि बहिणीला सांगणं म्हणजे मंद्रूपच्या आठवडी बाजारात दवंडी पिटणं! जावईबापू रुमाल विणतात! मेव्हणे लोकांनी मला जगू दिलं असतं का?

*

क्लास एका कॉलनीत, मॅडमच्या घरीच. मॅडम म्हणजे शाळेतल्या हस्तकलेच्या रिटायर बाई. घरचे पिढीजात विणकर, तेलुगू बोलणारे. लोकर गुंतली की मॅडम तिला तेलुगूत बोलायच्या. काय ते आम्हाला कळायचं नाही, पण लोकर ऐकायची.

पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो तर आतल्या सगळ्या सुया थांबल्या.

मॅडम म्हणाल्या, "कुणाला न्यायला आलाय?"

"कुणाला नाही. शिकायला आलोय."

जवळच बसलेल्या वैजयंतीनं, ही बँकेतल्या कॅशियरची बायको, आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. मी ते बघितलं. मी बघितलं हे तिनंही बघितलं. कोपऱ्यात नसीम नावाची नवी सून बसली होती, तिचा तर चेहराच उतरला. थोड्या वेळानं ती हळूच माझ्याकडं सरकली.

"चाचा, तुमना हमारे सुसरेने भेजे क्या? हमारे पे नजर रखने?"

मी म्हटलं, "अगं बाई, मी तुझ्या सासऱ्याला ओळखतही नाही!"

"ऐसाच बोलते सब," ती म्हणाली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली.

मला तिथंच बरं वाटलं. म्हटलं, ही आपली माणसं आहेत!

*

पहिला धडा गाठीचा. मॅडमनी लोकरीचा एक फास केला, टोक ओढलं, फास सुटला.

"ही सुरगाठ. क्रोशाची सुरुवात हिनंच. ओढली की सुटते. आणि ही निरगाठ." त्यांनी दुसरी गाठ मारून माझ्या हातात दिली. "ओढा."

ओढली. जितकी ओढली तितकी घट्ट झाली.

"ही सुटायची न्हाय. ही कापावी लागते. म्हणून संसारात आणि विणकामात निरगाठ विचार करून मारावी."

मग साखळी, मग खांब, मग मुका खांब. मी विचारलं, "मुका का?"

"बुटका असतो. डोकं वर काढत नाही, गप बसतो. म्हणून मुका."

बायकांना पूर्ण नाव घ्यायला वेळ कुठला? त्या नुसतं 'मुका' म्हणायच्या. एक मुका, दोन मुके. पहिल्या दिवशी माझे कान लाल झाले. आठवड्यात मीपण म्हणायला लागलो. सवयीचा परिणाम.

माझ्यासाठी मॅडमनी रबराच्या मुठीची जाड सुई काढून दिली, कारण बारीक सुई माझ्या चिमटीत राहायची नाही. मी चौकोनी रुमाल धरला. आणि तिथं चोरीला सुरुवात झाली!

रोज मोजून टाके घ्यायचो. दुसऱ्या दिवशी मोजले की कमी! रुमाल खालून रुंद आणि वर निमुळता व्हायला लागला. चौकोनाचा हळूहळू पतंग झाला. माझा संशय सरळ वैजयंतीवर. ती शेजारी बसायची, तिचा रुमाल कसा चौकोनी भरत चाललेला, आणि पर्स मांडीवर घेतलेली मी विसरलो नव्हतो. मी जागा बदलली. भिंतीला पाठ लावून बसलो. रुमाल पिशवीत, पिशवी मांडीखाली. तरी टाके कमी!

शेवटी मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, "कुठंतरी पाणी मुरतंय. कुणीतरी माझे टाके उसवतंय."

मॅडमनी समोर बसवून मला एक ओळ घालायला लावली. ओळ संपली. त्यांनी माझं बोट धरलं आणि रुमालाच्या कडेवर ठेवलं.

"हा कोण?"

एक टाका होता. अगदी काठाला, वळून बसलेला. मी त्याच्यात सुई घातलीच नव्हती.

"प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका तुमी सोडताय काका. चोर तुमीच."

सगळा क्लास खो खो हसला. आणि वैजयंती, जिच्यावर मी दोन आठवडे पाळत ठेवली होती, ती म्हणते कशी, "काका चेकिंगला होते ना? तरीच आमचा टॉवेल एका बाजूनं निमुळता हाय!"

*

आता चहाचं ऐका, कारण सगळं रामायण तिथून पुढं घडलं.

क्लासात मधल्या वेळी चहा व्हायचा. आळीपाळीनं एकेक जण करायची. मी कधी घ्यायचो नाही. पाणीसुद्धा नाही. कारण उघड होतं. चहा प्यायला की जावं लागणार, गेलं की नाडी सोडावी लागणार. सोडणं सोपं, महानंदा सुरगाठ मारायची, डाव्या हातानं टोक ओढलं की झालं. पण बांधणार कोण? मॅडम?

तर मी रोज "नको, नको" म्हणायचो, आणि कारण काही सांगता येत नसल्यामुळं नुसता कपाकडं बघायचो. बघणं म्हणजे माझं बघणं, चेकिंगचं. बायकांनी आपापसात तर्क लढवले. एकीनं म्हटलं, शुगर असेल. दुसरीनं म्हटलं, नवस असेल. वैजयंती म्हणाली, "न्हाय ओ, काकांना वाटतं आपण त्यात काहीतरी घालतोय."

इथवर ठीक होतं. पण एक दिवस नसीमनं चहा केला. आलं घालून, वासानंच जीव कासावीस झाला. तिनं कप माझ्यापुढं धरला. मी सवयीनं म्हटलं, "नको."

तिनं कप मागं घेतला. तिला काय वाटलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं. त्यानंतर तिनं मला कधी विचारलंच नाही. सगळ्यांना कप द्यायची, माझ्यापाशी आली की ट्रे पुढं न्यायची.

मला लई वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसावर कुठलाही संशय घ्या, पण हा नको. पण खरं कारण त्या पोरीला कसं सांगणार? "बाळ, चहाचं काही नाही गं, नाडीचं आहे"?

*

इकडं घरात वेगळंच शिजत होतं.

माझा हात असा, आणि डाव्या हातानं फोन कानाला धरायची सवय नाही. म्हणून मी स्पीकर लावून बोलायचो. एका सकाळी महानंदा खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटत बसली होती, आणि फोन वाजला. वैजयंती. क्लासच्या सगळ्यांना निरोप द्यायची जबाबदारी तिची.

"काका, मॅडमनी सांगितलंय, काल तुमी गडबडीत मुके लई जास्त घेतले!"

खलबत्ता थांबला.

मी म्हटलं, "बरं, बरं, मग बोलू."

"अहो ऐका तरी! आज दोन मुके कमी घ्या. आणि आवळून घेऊ नका, सैल घ्या. माझे बघा कसे एकसारखे येत्यात. आणि शेवटचा सोडू नका, तुमाला ती खोडच हाय!"

मी फोन बंद केला. घरात अशी शांतता की चटणीचा वास ऐकू यावा!

"कोण हुती?"

"दवाखान्यातली."

महानंदानं बत्ता खाली ठेवला. "कुटल्या दवाखान्यात मुके मोजत्यात?"

*

त्या दिवसापासून चेकर मी आणि चेकिंगला ती.

माझा सदरा धुवायच्या आधी उजेडाकडं धरायची. बाह्या उलट्या करायची. आम्ही चादर बघायचो तसं, वरपासून खालपर्यंत, एकही इंच न सोडता. नोकरीत असती तर माझी सुपरवायझर झाली असती!

एक दिवस तिनं चिमटीत धागा धरून दाखवला. "ह्यो गुलाबी कुटला?"

"टॉवेलचा असेल. कारखान्यातला."

"रिटायर हून किती वर्सं झाली?"

सांगून टाकावं असं दहा वेळा मनात आलं. पण आता सांगायचं तरी कसं? "मुके म्हणजे ते नव्हे, ते खांब असतात" असं म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, "व्हय व्हय, खांबालाच घेत असाल!" खोटं एकदा बोललं की खरं बोलायची पण चोरी होते.

त्यातच एकदा खिशात सुई सापडली. तीच, रबराच्या मुठीची. क्रोशाची सुई तिला ठाऊक आहे, पण ती बारीक, पोलादी. ही अशी जाडजूड कधी बघितलेली नाही.

"हे काय हाय?"

"कानातला मळ काढायचं."

तिनं सुई माझ्या कानाजवळ धरून माप घेतलं. "येवडा मळ?"

मी हो म्हटलं. काय करणार? तिनं सुई ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी बघतो तर धुतलेल्या पायजम्याची नाडी नेफ्यातून निघून आली होती, आणि महानंदा त्या सुईच्या आकड्यात नाडी अडकवून नेफ्यातनं सरसर पुन्हा ओवून घेत होती.

"लई कामाची वस्तू हाय की!" पहिल्यांदाच कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं बघून हसली. मला इतकं बरं वाटलं की सुई परत मागायला जीभ उचलेना. दुपारी चोरून घेतली.

*

आणि मग तो दिवस.

त्या दिवशी पुन्हा नसीमची पाळी होती. ट्रे माझ्यापाशी आला आणि पुढं निघाला. तेवढ्यात मॅडम उठल्या. ट्रेवरचा कप उचलला आणि माझ्यापुढं आदळला.

"काका, ही पोरगी स्वयंपाकघरात रडत हुती. म्हणते, चाचांना माझ्या हातचा चालत न्हाय. माझ्या घरात हे चालायचं न्हाय. कप प्या, न्हायतर उद्यापासून येऊ नका."

मी नसीमकडं बघितलं. ती खाली मान घालून लोकर उलगडत होती.

मी कप तोंडाला लावला. एका दमात संपवला. आणि म्हटलं, "बाळ, अजून आहे का?"

नसीमचा चेहरा असा फुलला की काय सांगू! तिनं काठोकाठ भरून दिला. तोही प्यायलो. किती दिवसांनी दुपारचा चहा! वर कुणीतरी तांब्याभर पाणी दिलं, तेही प्यायलो. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

आणि व्हायचं ते झालं. थोड्या वेळानं मी उठलो. सुई खिशात तशीच.

सोडायचं काम सोपं झालं. मग दोन्ही हातांत नाडीची दोन टोकं धरून मी मॅडमच्या बाथरूममध्ये उभा. बाहेर सात-आठ बायका. पहिली अढी घातली, बोटातून निसटली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. घाम फुटला. हाक मारावी तर कुणाला मारावी? महानंदा असती तर ओरडली असती, "धरून ठेवा!" धरून तर ठेवलंय, पण किती वेळ?

आणि मग नाडीकडं बघता बघता मला दिसलं. अरे, ही तर जाड लोकर!

दोन्ही टोकं एकत्र धरली. पोटाशी सुरगाठ घातली. सुई काढली खिशातून, आणि एक साखळी. दुसरी साखळी. बोटं कशी आपसूक चालायला लागली, जणू रुमालच धरलाय. टोकापर्यंत विणत गेलो, शेवटचा टाका न सोडता, बरं का! टोक त्यातून ओढून बंद केलं. उडी मारून बघितली. पायजमा जागचा हलला नाही!

बाहेर येऊन मी ओरडलो, "बांधली!"

मॅडम दचकल्या. "काय बांधली?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून सरळ घरी निघालो. वाटेत हसत होतो एकटाच. डोळ्यांत पाणी येत होतं. म्हटलं, आता महानंदाला सांगायचं. सगळं सांगायचं. क्लास, मुके, सुई, सगळं.

दार तिनंच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तिची नजर खाली गेली. सदऱ्याखालून विणलेल्या नाडीचं शेपूट लोंबत होतं.

"थांबा. सदरा वर करा."

केला.

ती वाकली. बघत राहिली. उजेडाला वळवून बघितलं.

"ही गाठ माजी न्हाय."

"अगं, तेच सांगतोय..."

"सकाळी मी सुरगाठ घातली हुती. ही कुणी घातली?"

"मी!"

"तुमी? तुमाला बटण लागत न्हाय!" तिचा आवाज चढला. "ही बाईच्या हातची वीण हाय. पोटापास्नं टोकापतूर विणलीया, वर बंद केलीया. येवडा वेळ तुमच्या नाडीपाशी कोण बाई बसली हुती?"

मग मी सगळं सांगितलं. एका दमात, उभ्या उभ्या. क्लास, मॅडम, मुका खांब, गुलाबी लोकर, नसीमचा चहा. पिशवीतून तो पतंगासारखा रुमाल काढून दाखवला. तिनं रुमाल बघितला, मला बघितलं. तिच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही.

"कात्री आणते," ती म्हणाली.

नाडी कापली. दुसरी आणली. माझ्याच सुईनं नेफ्यातून ओढून घेतली आणि दोन्ही टोकं माझ्या हातात दिली.

"बांधा."

मी सुईसाठी हात पुढं केला. तिनं सुई पाठीमागं नेली.

"सुई न्हाय. नुसत्या हातानं. माज्यासमोर."

जन्मभर मी लोकांचा माल रिजेक्ट केला, पण असा चेकिंगच्या टेबलावर स्वतः कधी उभा राहिलो नव्हतो. एकदा नाडी निसटली. ती कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली. मी पुन्हा धरली. अंगठा आला, शेजारचं बोट आलं, मधलं अडकलं, मग तेही आलं. फास झाला. दुसरा त्यातून गेला. ओढला. वाकडीतिकडी होती, पण सुरगाठ होती! माझ्या हातची!

महानंदा खाली बसली. गाठ बोटानं चाचपून बघितली.

मग तिनं आपली दोन बोटं माझ्या उजव्या तळहातात ठेवली. "मूठ मिटा."

मिटली.

"दाबा."

दाबली.

"अजून."

मी सगळा जोर लावला.

"अय्यो! साकु, साकु! पुरे!" ती ओरडली आणि बोटं सोडवून घेतली. लाल झाली होती. तोंडावर पदर घेऊन ती आत निघून गेली. हसत होती का रडत होती, मला कळलं नाही. मुक्यांबद्दल एक शब्द बोलली नाही. रात्री जेवताना भाकरी मात्र न मोडता अख्खी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी मोठ्या ऐटीत उभा राहिलो. नाडी हातात घेतली. तेवढ्यात महानंदा पिठाचे हात पुसत आली आणि दोन्ही टोकं माझ्या हातातून काढून घेतली.

"अगं, मला येतंय आता!"

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "श्वास आत घ्या."

घेतला. तिनं पोत्याचं तोंड आवळावं तशी आवळली. एक गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. मी वाकून बघितलं.

निरगाठ!

"आता जावा क्लासला," ती म्हणाली.